पेटीच्या तळची संत्री

कुसुम गेली आणि तेरवीपर्यंत घरात बायांची रीघ लागली. त्यातल्या अर्ध्या बायांना मी ओळखत नव्हतो. कोणी सौंसरहून आलेली, कोणी मोहगावची, तिच्या माहेरची, कोणी शाळेत शिकवून रिटायर झालेली. माझ्यापुढं हात जोडायच्या आणि लगेच आपसात सुरू व्हायच्या. आमची कुसुम अशी, आमच्या कुसुमताईनं त्या टायमाला असं म्हटलं. आमची! मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून ऐकत होतो आणि जीव जळत होता. संसार माझा, शेवटी तिच्या पाठीला तेल मी लावलं, चमच्यानं पेज मी पाजली, आणि कुसुम कशी होती हे ह्या बाया मला सांगणार? लोकांना वाटलं म्हातारा रडते. म्हातारा रडत नव्हता. त्याला हेवा वाटत होता. माझ्या बायकोचा जेवढा वाटा दुसऱ्यांकडं गेला होता तेवढा मला वापस पाहिजे होता. अजून पाहिजे आहे.

मी चौथी शिकलो. लिहिणं माझं काम नाही, खिळे ठोकणं माझं काम. नात पल्लवी म्हणाली, आबा, बोलता तसंच लिहा, म्हणून लिहून राहिलो. बाकीचं आयुष्य कोणालाही विचारा, सांगतील. मला तो एक हिवाळा लिहायचा आहे, आमचं लग्न नवीन होतं तेव्हाचा.

आमचं घर पांढुर्ण्यात, गाव मराठी पण राज्य मध्य प्रदेश, स्टेशनच्या बाजूला. पुढं अंगण, आणि अंगणातच संत्र्याच्या पेट्या भरायची जागा. वर टिनाचं छप्पर. बाबा बागवाल्यांचा माल घ्यायचे, आम्ही तो निवडून लाकडी पेट्यांत भरायचो आणि मालगाडीनं दूरदूरच्या बाजारांत पाठवायचो. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडचा माल, आला की घर सगळं संत्र्याचं होऊन जायचं. अंथरुणाला वास, पाण्याच्या पितळी गुंडाला वास, भाकरीला वास. सकाळी जाग यायची ती हातोडीच्या आवाजानं, नाही तर कापसाच्या जिनिंगच्या भोंग्यानं. माय चुलीपुढं बसून ज्वारीच्या भाकरी थापायची, हिरव्या वांग्याचं भरीत आणि वर जवसाची चटणी. मी खिळे तोंडात धरायचो, ओठांच्या मधी ओळीनं, आणि एकेक काढून झाकणात ठोकायचो. तोंडात खिळे असले की माणूस बोलत नाही. तशीही मला बोलायची सवय नव्हती. कुसुमला वाटलं असेल नवरा मुका मिळाला.

ती मॅट्रिक पास होऊन आली होती. लग्नाच्या बैठकीत तिच्या बापानं सरळ सांगितलं होतं का पोरीला पुढं शिकायचं आहे, तुमच्या गावात कॉलेज आहे म्हणून तर तुमच्या घरी देऊन राहिलो. माझे बाबा पान चघळत होते. म्हणाले, शिकवू ना, त्यात काय. मग लग्न झालं आणि बाबांनी कॉलेजची फी विचारली. त्या टायमाला कॉलेज सरकारी नव्हतं, काही लोकांनी मिळून काढलेलं होतं, सरकारचा आधार नाही, सगळा खर्च पोरांच्या फीवर. फी ऐकून बाबांनी पान थुंकलं.

"येवढी फी? आपण पेट्यांत संत्री भरून राहिलो का नोटा?"

कुसुम दाराआडून म्हणाली, "मामाजी, तुम्ही बैठकीत शब्द देल्ला होता."

नवी सून सासऱ्याला असं म्हणते! बाबांना चार लोकांपुढं दिलेला शब्द मोडताही येईना आणि पाळताही येईना. ते म्हणाले, "शब्द आहे माहा. नाई कोण म्हनते? ज्या दिवशी ह्या कॉलेजाची सरकारी फी होईन, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सोता तुले धाडतो." आणि मिशीतल्या मिशीत हसले. त्यांच्या हिशेबानं ते कधी होणारच नव्हतं.

मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मला शिकलेली बायको मिळाली हेच पुष्कळ होतं, अजून शिकलेली कशाला पाहिजे? ती रोज दुपारी आंगणाच्या कुडाजवळ उभी राहायची. समोरच्या रस्त्यानं कॉलेजचे पोरं जायचे, दोन-चार पोरीही, छातीशी वह्या धरून. माझ्याकडं तिनं कधी तसं पाहिलं नाही. तेव्हापासून मला त्या कॉलेजचा राग. माणसाशी भांडता येते, विटाच्या भिंतीशी कसं भांडायचं?

पण भांडायला माणूसही लवकरच आला. मधुकर वकील. नागपूरहून वकिली शिकून नवाच आलेला, माझ्याहून थोडा मोठा. पांढरा शर्ट, केसाला वासाचं तेल, आणि बोलणं असं का ऐकणाऱ्यानं ऐकतच राहावं. पोरांची मागणी होती का कॉलेज सरकारनं घ्यावं. हा त्या पोरांचा पुढारी झाला. पुढाऱ्याला पेट्या पाहिजे होत्या, म्हणून तो आमच्या आंगणात आला.

त्यानं बाबांना समजावून सांगितलं, आणि मी खिळे ठोकता ठोकता ऐकलं. आमच्या भागाचा आमदार भोपाळला विधानसभेत एक बिल मांडणार होता. जिथं सरकारी कॉलेज नाही तिथलं चालतं कॉलेज सरकारनं घ्यावं, आणि फी गरिबाला झेपेल एवढीच ठेवावी, हे कायद्यातच लिहावं. बाबा म्हणाले, कायदा कशाला, मंत्र्यानं हुकूम काढला का झालं. वकील म्हणाला, "काका, हुकूम एका मंत्र्याचा, दुसरा आला का मोडते. कायदा मोडाचा तं पुन्हा साऱ्या सभेले हात वर करा लागते. लाजेकाजेनं तरी कोणी करत नाई." पण सभेत आमच्या गावाचं नाव किती जणांना माहीत? म्हणून पोरांनी ठरवलं होतं का आमदारांच्या दारात एकेक पेटी पांढुर्ण्याची संत्री ठेवायची आणि पेटीवर मागणी छापायची. पेटीवर व्यापाऱ्याचा मार्का छापायचे टिनाचे साचे आमच्याकडं होते, नवे कापायचे तर तेही मीच कापायचो.

बाबा तयार झाले. माल गावच्या बागवाल्यांचा, नाव मात्र आपलं होणार, हे त्यांना पटलं. शब्दाचं ते विसरले होते. कुसुम विसरली नव्हती. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन ती आंगणात आली आणि म्हणाली, अक्षरं मी काढते.

ती टिनाच्या पत्र्यावर खडूनं अक्षर काढायची आणि मी छिन्नीनं कापायचो. सरकारी कॉलेज, सरकारी फीस, कानून से. हिंदीतच लिहिलं, भोपाळात मराठी कोण वाचते. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा एकमेकांच्या बाजूला एवढा वेळ बसलो. तिच्या बोटांना खडू लागलेला, माझ्या बोटांना पत्र्यानं कापलेलं. तिनं एकदा आपल्या पदरानं माझं बोट दाबून धरलं. ते मी अजून विसरलो नाही. आणि तेवढ्यात वकील आला, साचा उचलून उन्हात धरला आणि म्हणाला, "वा वहिनी, काय अक्षर आहे!" वहिनीचं अक्षर! पत्रा कोणी कापला? माझ्या तोंडात खिळे होते, नाही तर मी काही तरी बोललो असतो. ती हसली. त्याच्याकडं पाहून हसली.

पेट्या भरायला बाया होत्या, त्यांची मुकादम भागाबाई. तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "पोट्ट्या, ठोक खिळे. तुई बायको मिनिष्टर होऊन राहिली, तुले दारावर चपराशी ठेवन."

"अन् वकील?" दुसरीनं विचारलं.

"वकील खुर्चीवर बसन बाई. शर्ट पाय त्याचा, खाली बसाचा आहे का तो?"

साऱ्या हसल्या. मी त्या दिवशी एवढ्या जोरानं खिळे ठोकले का दोन झाकणं फाटली.

भोपाळला जायचं ठरलं तेव्हा वकील म्हणाला, सोबत गावची एखादी शिकू पाहणारी बाई पाहिजे, म्हणजे त्यांना दिसेल. एखादी बाई म्हणजे कोण हे सगळ्यांना माहीत होतं. बाबा नाही म्हणाले. माय मात्र भाकर थापता थापता बोलली, "जाऊ द्या तिले. माय-बापाच्या घरून शब्द घेऊन आली ते." आमची माय अक्षरशत्रू, पण तिचं चुलीपुढचं बोलणं बाबा टाळत नव्हते. म्हणाले, ठीक आहे, नवरा सोबत जाईन. अशानं मी गेलो. पेट्या उघडायला हातोडी आणि पहार घेऊन गेलो, बायकोवर नजर ठेवायला गेलो.

थंडी होती. लगेजच्या डब्यात पेट्या, आम्ही जनरलमधी. वकील सारा रस्ता पोरांना सांगत होता का तिथं काय बोलायचं, कोणाला साहेब म्हणायचं. कुसुम ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते. मी खिडकीतून पाहत होतो. बैतूलच्या पुढचे सागाचे जंगल मी पहिल्यांदा पाहिले, पण डोक्यात काही शिरलं नाही.

सकाळी आमदारांच्या राहायच्या जागी गेलो. एकेका दारात पेटी ठेवायची, वकिलानं दोन शब्द बोलायचे, पुढं जायचं. सगळे चांगले बोलले. मग एका व्हरांड्यात एक जाडे आमदार ऊन घेत बसले होते, खांद्यावर शाल, पुढं पेपर. दूरच्या भागातले. त्यांनी पेटीवरचं वाचलं आणि म्हणाले, "खोलो भाई, देखें तो सही तुम्हारा संतरा." मी पहारीनं झाकण उचकलं. वरची संत्री अशी का पाहतच राहावं. त्यांनी एक सोललं, खाल्लं, मान डोलावली. वकिलाचं तोंड फुललं.

आणि मग त्या माणसानं बाही वर सरकवली आणि कोपरापर्यंत हात पेटीतल्या गवतात घातला, पार तळापर्यंत. वर काढलं ते लिंबाएवढं, हिरवं, टणक.

मला तिथंच कळलं काय झालं. आमच्याकडं पेटी भरायची रीतच ती होती. मोठा, रंगाचा माल वरच्या थरात, बारीक तळाला. सगळेच तसं भरायचे, घेणाराही समजून घ्यायचा. भागाबाईच्या हाताला दुसरं माहीतच नव्हतं, आणि ही पेटी बाजाराची नाही, वेगळी भरा, हे तिला सांगायचं कोणाच्याच मनात आलं नाही. ना बाबांच्या, ना माझ्या, ना एवढ्या शिकलेल्या वकिलाच्या. सरकारच्या दारातही आम्ही बाजाराचीच पेटी नेऊन ठेवली.

आमदार हसले. आजूबाजूच्या खोल्यांतून लोक आले. ते हिरवं संत्रं त्यांनी सगळ्यांना दाखवलं. "ये देखो! ऊपर माल, नीचे चालबाजी. इनको कॉलेज चाहिए! पहले ईमान तो सीख लो, फिर बी.ए. करना."

वकील म्हणाला, "नहीं साहब, वो क्या है के…" आणि अडकला. गाडीत सारा रस्ता बोलला तो माणूस तिथं अडकला. पोरं खाली पाहत होते. मी खाली पाहत होतो. आणि मागून आवाज आला.

"साहेब, गलती हमारी है."

तो आवाज कोणाचा हे मला पहिल्यांदा कळलं नाही. मी खरं सांगतो. आमच्या घरात ती हळू बोलायची, भांड्यांच्या आवाजाखाली. हा आवाज सरळ होता, व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत जाणारा.

"हमारे यहां पेटी ऐसीच भरते. हाथ को आदत पड गई. बुरी आदत है, मैं मानती." तिची हिंदी अशीच होती, अर्धी आमची. "पर साहेब, आपने नीचे हाथ डाला तब तो दिखा ना? वो जो नीचे है, वो भी उसीच झाड का है. उसको जगह नहीं मिली, धूप नहीं मिली. आप लोग भी तो पेटी ऐसीच भरते. ऊपर भोपाल, इंदौर, जबलपुर. नीचे हम. कभी वहां भी कोहनी तक हाथ डाल के देखो."

तिचा पदर डोक्यावरून घसरला होता, तिनं तो सावरलासुद्धा नाही. आमदारांनी ते हिरवं संत्रं सोललं. एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, तोंड वाकडं केलं, आणि गिळली. "खट्टा है," ते म्हणाले. मग बोलले, "पर बेटी, बात खट्टी नहीं है."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वकील तिच्याकडं पाहत होता, आणि मी वकिलाकडं. त्या नजरेत वाईट काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, मी हातोडी उचलली असती. ती नजर देवाकडं पाहायची नजर होती. आणि मला वाटलं, हा आवाज माझ्या घरात होता, माझ्या चुलीपाशी, आणि तो मला सोडून ह्या शालवाल्याला मिळाला, ह्या शर्टवाल्याला मिळाला, टाळ्या वाजवणाऱ्या परक्या लोकांना मिळाला. एवढा हेवा मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा वाटला नाही.

वापसीच्या गाडीत पोरं उड्या मारत होते. कुसुम खिडकीपाशी बसली होती, मी तिच्या बाजूला, फुगून. तिनं पदराच्या गाठीतून एक संत्रं काढलं. तळचंच, हिरवं. कधी उचललं होतं कोण जाणे. सोललं, अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. दोघांचेही दात आंबले. मग ती माझ्या कानाजवळ वाकली आणि एक गोष्ट बोलली. त्याच्याबद्दल शेवटी लिहितो.

बिल काही पास झालं नाही. मंत्र्यानं सभेत सांगितलं का बिल मागं घ्या, सरकारच विचार करत आहे. बाबा खूश झाले. वकील म्हणाला, त्या शालवाल्या आमदारांनी सभेत उभं राहून पेटीच्या तळाची गोष्ट सांगितली, लोक हसले, पण हसता हसता ऐकलं. पुढच्या अधिवेशनात सरकारनं स्वतःच कायदा आणला आणि आमचं कॉलेज त्यात आलं. ते आमच्या संत्र्यामुळं झालं का दुसऱ्या कशामुळं, मला सांगता येत नाही. गावात मात्र सगळे म्हणायचे, कुसुमनं केलं.

ती बातमी आली त्या दिवशी आम्ही जेवत होतो. अंबाडीची भाजी होती. कुसुम वाढत होती. बाबांनी भाकर मोडली, ठेवली, पुन्हा मोडली. शेवटी मायच म्हणाली, "उद्या दुसरा दिवस आहे."

बाबा म्हणाले, "म्या कुठं नाई म्हटलं? पन आंबिया बहार तोंडावर आहे, घरात हात पाहिजे."

"माहे आहेत ना दोन," माय बोलली.

बाबा स्वतः गेले सोबत, शब्दाप्रमाणं, डोक्याला पागोटं बांधून. नंतर रोज मी सायकलवर सोडायला जायचो. फाटकापर्यंत. ती आत जायची आणि एकदाही मागं वळून पाहायची नाही. मी कधी आत गेलो नाही. ती शिकली, मास्तरीण झाली, तिनं पोरी शिकवल्या, त्याच त्या तेरवीला येऊन आमची आमची करणाऱ्या. मधुकर वकिलाचं पुढं नागपूरला लग्न झालं, तो तिकडंच राहिला, तिकडंच वारला. त्याची बातमी आली तेव्हा कुसुम रडली. मी त्या दिवशी जेवलो नाही. तिला वाटलं मलाही दुःख झालं. शेवटच्या आठवड्यात तिचं भान गेलं होतं, तेव्हा ती भोपाळातलंच हिंदीत बोलायची. साहेब, नीचे हाथ डाल के देखो. माझं नाव तिनं घेतलं नाही. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी.

आता पांढुर्णा जिल्हा झाला. कॉलेज सरकारीच आहे, पण त्यात काही नवे कोर्स असे निघाले आहेत का त्याचा खर्च सरकार देत नाही, फी पुन्हा पोरांवर. पल्लवीला त्यातलाच एक शिकायचा आहे. तिचा बाप म्हणते, फी पाहून सांगतो. मला माझे बाबा आठवले. मागच्या महिन्यात ती मैत्रिणींना घेऊन आली, मोहगावची एक, सौंसरच्या दोन. नवा कायदा व्हावा म्हणून भोपाळला जाणार आहेत, सरकारी कॉलेजातला प्रत्येक कोर्स सरकारी फीमधीच पाहिजे म्हणून. मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "आबा, आजी तिथं कशी बोलली होती ते सांगा ना. तिथं होते असे आता तुमीच उरले."

मी म्हटलं, "आठवत नाही."

सगळं आठवत होतं. शाल आठवत होती, ऊन आठवत होतं. पण मी काहून देऊ? इतके वर्ष सगळ्यांनी नेलं. आता वकील नाही, तो आमदार नाही, बाकीचे पोरं कुठं गेले पत्ता नाही. तो आवाज आता फक्त माझ्या कानात आहे. पहिल्यांदा तो एकट्या माझा झाला, आणि लगेच ह्या पोट्ट्या मागायला आल्या.

पल्लवीनं मोबाईल खाली ठेवला आणि डोक्यावरून घसरलेली ओढणी तशीच राहू दिली. भोपाळात कुसुमचा पदर असाच घसरला होता.

मग मी सांगितलं. उभा राहून सांगितलं, गुडघे दुखतात तरी. शालवाला कसा बसला होता, संत्रं केवढं होतं, ती कुठं उभी होती. साहेब, गलती हमारी है. पोरींनी मला तीन वेळा म्हणायला लावलं आणि मीही म्हटलं, जसं ती म्हणाली तसं, कोहनी तक. त्यांना हेही सांगितलं का जाताना काहीही न्या, पण तळापर्यंत सारखं भरा.

"अन् मंग?" मोहगावची पोरगी म्हणाली. "वापसीत काय झालं?"

"वापसीत संत्रं खाल्लं," मी म्हटलं. "आंबट होतं."

गाडीत ती माझ्या कानात काय बोलली ते त्यांना सांगितलं नाही. वर म्हटलं होतं शेवटी लिहितो, पण इथंही लिहीत नाही. बाकी सगळी कुसुम तुम्ही घ्या. तेवढी माझी.